रासायनिक अस्त्राशी संपर्क आल्याचा पुरावा रक्तात किती काळ टिकतो?

विधीशाखा_पुणे यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात विधी शाखेच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि रासायनिक अस्त्रांच्या वापराबाबतचा वैद्यकीय पुरावा न्यायालयात कितपत टिकतो, या विषयावर प्रबंध लिहीत आहे. १९२५ चा जिनिव्हा करार, १९९७ मध्ये अमलात आलेला रासायनिक अस्त्रबंदी करार आणि आपल्याकडचा २००० चा अधिनियम हा भाग मला समजतो. मी अडले आहे ती विज्ञानापाशी.

सीरियातील घौता येथे २१ ऑगस्ट २०१३ रोजी हल्ला झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे पथक २६ ऑगस्टपासून प्रत्यक्ष नमुने घेऊ लागले. तरीही वाचलेल्या लोकांच्या रक्तात सरीनच्या संपर्काचे पुरावे सापडल्याचे अहवाल सांगतो. दुसरीकडे, सरीन पाण्याच्या संपर्कात विघटित होते आणि शरीरात ते फार वेळ मूळ स्वरूपात राहत नाही, असेही मी वाचते. मग पाच-सहा दिवसांनंतर प्रयोगशाळेला रक्तात नेमके काय सापडते? यवतमाळला २०१७ मध्ये कीटकनाशकांची फवारणी करताना शेतकरी व मजूर दगावले, तेव्हा कोलिनेस्टरेज नावाच्या तपासणीची बरीच चर्चा झाली होती. ही तपासणी आणि सरीनची तपासणी एकच आहे का?

आणखी एक प्रश्न प्रबंधाच्या कक्षेत येतो की नाही याची मला खात्री नाही, तरी विचारून ठेवते. इंग्रजांच्या काळात रावळपिंडी येथे पोर्टन डाउन या ब्रिटनच्या रासायनिक अस्त्र संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले होते. अशा एखाद्या व्यक्तीचे रक्त काही दशकांनंतर तपासले असते, तर त्यातून काही सिद्ध झाले असते का?

पाषाणचा रसायनज्ञ

आपला पहिला प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या एका साध्या गोष्टीत आहे. सरीन, सोमन, टॅबुन, व्हीएक्स ही चेतासंस्थेवर आघात करणारी द्रव्ये शरीरात केवळ तरंगत राहत नाहीत. ती ज्या प्रथिनांवर आघात करतात त्यांना पक्क्या सहसंयुज बंधाने चिकटतात, आणि या चिकटण्यामुळेच ती घातक ठरतात. म्हणून मोकळे सरीन रक्तातून काही तासांत नाहीसे झाले, तरी त्याचा एक तुकडा प्रथिनाला जोडलेला राहतो आणि ते प्रथिन शरीरात जितके दिवस जगते तितके दिवस तो तुकडाही सापडू शकतो. प्रयोगशाळा शोधते ते विष नव्हे, तर विषाने प्रथिनावर मागे ठेवलेली खूण.

मज्जातंतूंच्या जोडावर ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक द्रव्याचे विघटन करण्याचे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम करते. त्याच्या क्रियास्थानी सेरीन नावाचे अमिनो आम्ल असते आणि सरीनमधला फॉस्फरस थेट त्यालाच जाऊन बसतो. एन्झाइम बंद पडले की संदेशवाहक द्रव्य साचत जाते. लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास थांबतो. हेच एन्झाइम तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरही असते. त्याचे भावंड म्हणता येईल असे ब्युटिरिलकोलिनेस्टरेज यकृतात तयार होऊन रक्तद्रवात फिरत असते. तेही सरीनला तितक्याच तत्परतेने पकडते, पण ते बंद पडल्याने माणसाच्या प्राणावर बेतत नाही. तपासणीसाठी हे प्रथिन सोयीचे ठरते, कारण ते साध्या रक्तनमुन्यातून वेगळे करता येते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे दहा ते चौदा दिवसांचे असते. घौताच्या पथकाला पाचव्या-सहाव्या दिवशीही खूण सापडण्याची पुरेपूर शक्यता का होती, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

ही खूण वाचण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्यात रक्तद्रवाला फ्लोराइडची जोड दिली जाते. फ्लोराइड एन्झाइमला चिकटलेला तुकडा सोडवून घेते आणि सरीनच्या बाबतीत चक्क सरीनच पुन्हा तयार होते. त्याचे प्रमाण अत्यल्प असते, पण उपकरणाने ओळखण्याइतके असते. नेदरलँड्समधील टीएनओ या संस्थेच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा तिची परीक्षा जपानमधील जपून ठेवलेल्या नमुन्यांवर झाली होती. मात्सुमोतो येथील १९९४ ची घटना आणि २० मार्च १९९५ चा टोकियो भुयारी रेल्वेवरील हल्ला यांतील पीडितांच्या सीरममधून त्यांना प्रति मिलिलिटर ०.२ ते ४.१ नॅनोग्रॅम इतके सरीन परत मिळाले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग, यावरून हे काम किती बारकाईचे आहे ते समजेल.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. एन्झाइमला चिकटलेला तुकडा कालांतराने आपली एक बाजू गमावतो. सरीनच्या बाबतीत आयसोप्रोपिल गट गळून पडतो. हा बदल सोमनमध्ये काही मिनिटांत, सरीनमध्ये काही तासांत आणि व्हीएक्समध्ये त्याहून पुष्कळ सावकाश होतो. एकदा तो झाला की फ्लोराइडला तो तुकडा सोडवता येत नाही आणि रुग्णाला उतारा म्हणून दिलेले प्रॅलिडॉक्सिमही त्यापुढे निष्प्रभ ठरते. अशा वेळी दुसरा मार्ग उपयोगी पडतो. त्यात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज वेगळे काढून पेप्सिनने त्याचे तुकडे करतात. क्रमांक १९८ चे सेरीन ज्यात असते असा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा मिळाला की मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्याचे वजन मोजतात. वजन किती वाढले आहे, यावरून त्या सेरीनवर काय बसले आहे ते उलगडते. बाजूचा गट गळून गेला असला, तरी फॉस्फरस आणि त्याला थेट जोडलेला मिथाइल गट तिथे दिसतोच. मात्र त्या अवस्थेत सरीन, सोमन आणि व्हीएक्स यांची खूण एकसारखीच होते. त्यामुळे चेतासंस्थेवर आघात करणाऱ्या या गटातील द्रव्याशी संपर्क आला, एवढे ठामपणे म्हणता येते. ते द्रव्य कोणते, हे या एका चाचणीवरून सांगता येत नाही.

तिसरे एक प्रथिन इथे मदतीला येते, ते म्हणजे अल्ब्युमिन. त्याच्या साखळीतील ४११ व्या स्थानावरील टायरोसीनलाही ही द्रव्ये चिकटतात, आणि तिथे चिकटलेल्या तुकड्याची बाजू गळून पडत नाही. म्हणजे आयसोप्रोपिल गट शाबूत राहतो आणि सरीन व सोमन वेगवेगळी ओळखता येतात. प्रॅलिडॉक्सिमनेही ही खूण पुसली जात नाही. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे वीस दिवसांचे असल्याने ती तुलनेने अधिक टिकते. अडचण अशी की टायरोसीनची ओढ सेरीनइतकी तीव्र नसते, त्यामुळे मात्रा अल्प असेल तर अल्ब्युमिनवर खूण उमटतेच असे नाही, आणि ब्युटिरिलकोलिनेस्टरेजचा आधार घ्यावा लागतो. जाणकार प्रयोगशाळा म्हणूनच एकाच खुणेवर विसंबून निष्कर्ष काढत नाहीत.

कोथरूडचा फिजिशियन

रसायनज्ञ साहेबांनी रसायनाची बाजू सविस्तर मांडली आहे. मी यवतमाळच्या प्रश्नाकडे वळतो. रुग्णालयात आम्ही जी कोलिनेस्टरेजची तपासणी करतो ती आणि वर सांगितलेली तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक आपल्या प्रबंधात स्पष्टपणे यायला हवा असे मला वाटते.

आमची तपासणी एन्झाइम किती काम करत आहे हे मोजते. ते काम कशामुळे मंदावले, याबद्दल ती काहीही सांगत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक पोटात गेले, फवारणी करताना श्वासावाटे किंवा त्वचेतून शरीरात शिरले, कार्बामेट गटातील औषध शरीरात आले, तर आकडा खाली येतोच. पण यकृताचा जुना आजार, कुपोषण आणि गरोदरपण यांतही रक्तद्रवातील ब्युटिरिलकोलिनेस्टरेज कमी असते. काही माणसांत ते जन्मतःच जवळजवळ नसते. आंध्र आणि तेलंगणातील वैश्य समाजातील काही कुटुंबांत अशी आनुवंशिक कमतरता आढळते. भूलतज्ज्ञांना ती चांगली ठाऊक आहे, कारण अशा रुग्णाला शस्त्रक्रियेवेळी स्नायू शिथिल करणारे स्कोलिन दिले तर काही मिनिटांत परत यायला हवा तो श्वास कित्येक तास परत येत नाही. असा एखादा माणूस निरोगी असताना त्याचे रक्त तपासले, तर केवळ आकडा पाहणाऱ्याला तो विषबाधा झालेला वाटेल. शिवाय निरोगी माणसांमध्येही या एन्झाइमची पातळी बरीच कमी-अधिक असते आणि रुग्णाची आजारापूर्वीची पातळी आपल्याकडे बहुधा नोंदलेली नसते. कीटकनाशक तयार करणाऱ्या कारखान्यांत कामगारांचे रक्त कामावर रुजू होतानाच तपासून ठेवावे, हा आग्रह याच कारणासाठी धरला जातो.

याचा अर्थ ही तपासणी निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेचा रुग्ण आला की आम्ही बाहुल्या, घाम, छातीतली घरघर आणि नाडी पाहून ॲट्रोपिन सुरू करतो. अहवालाची वाट पाहत बसत नाही. अहवाल नंतर निदानाला दुजोरा देतो आणि पुढील दिवसांत रुग्ण सुधारतो आहे की नाही ते दाखवतो. मी उमेदवारीच्या काळात विदर्भातल्या ज्या रुग्णालयात होतो, तिथे फवारणीच्या हंगामात ही तपासणी बाहेर पाठवावी लागे आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण एक तर बरा होऊन घरी गेलेला असे, किंवा त्याचे शवविच्छेदनही आटोपलेले असे. व्हिसेरा राखून ठेवला जाई, पण रक्तद्रव वेगळे करून गोठवून ठेवण्याचे कुणाच्या मनातही येत नसे.

रशियातील विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या विषबाधेच्या प्रकरणातही या दोन पायऱ्या वेगळ्या दिसतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने एवढेच जाहीर केले की कोलिनेस्टरेज रोखणाऱ्या कुठल्यातरी द्रव्याची विषबाधा झाली आहे. ते द्रव्य नोविचोक या चेतासंस्थेवर आघात करणाऱ्या अस्त्रांच्या गटातील असल्याचे जर्मन सरकारने २ सप्टेंबरला सांगितले, तेही लष्करी प्रयोगशाळेच्या स्वतंत्र तपासणीनंतर. पहिले विधान कोणतेही मोठे रुग्णालय करू शकते. दुसऱ्यासाठी मोजक्याच प्रयोगशाळा सक्षम आहेत.

पाषाणचा रसायनज्ञ

डॉक्टरांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो, कारण बचाव पक्षाचा वकील नेमका हाच प्रश्न विचारेल: हे कीटकनाशक नव्हते कशावरून? मोनोक्रोटोफॉस किंवा क्लोरपायरिफॉस ही आपल्या शेतांत वापरली गेलेली द्रव्ये त्याच सेरीनला चिकटतात, पण तिथे बसणाऱ्या तुकड्यात फॉस्फरसभोवती सगळीकडे ऑक्सिजन असतो आणि मिथाइल किंवा इथाइल गट त्या ऑक्सिजनमार्फत जोडलेले असतात. सरीन, सोमन, व्हीएक्स यांच्यात मात्र एक मिथाइल गट फॉस्फरसला थेट, मध्ये ऑक्सिजन न येता जोडलेला असतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीत या दोन तुकड्यांची वजने वेगळी येतात. एन्झाइमच्या कामाचा आकडा दोन्हींत सारखाच खाली येईल. खूण मात्र वेगळी दिसेल.

शंकासुर

सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. तरीही एक शंका उरतेच. सीरियातील खान शेखून येथील ४ एप्रिल २०१७ च्या घटनेबाबत हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेने (ओपीसीडब्ल्यू) ‘सरीन किंवा सरीनसदृश द्रव्य’ असे शब्द वापरले. इतक्या अद्ययावत तंत्राने तपासूनही ‘किंवा’ उरत असेल, तर ती पळवाट नव्हे काय? दुसरे असे की युद्धक्षेत्रातले नमुने कोणाच्या तरी हातून येतात आणि तो हात बहुधा एखाद्या बाजूचाच असतो. तिथे कुणी हातचलाखी केली नाही याची हमी प्रयोगशाळेतले यंत्र कशी देणार?

पाषाणचा रसायनज्ञ

‘किंवा’ ही पळवाट नव्हे, ती प्रामाणिकपणाची खूण आहे. सरीनचा रेणू सेरीनला चिकटतो तेव्हा त्यातला फ्लोरिन निघून जातो आणि उरलेला भाग एन्झाइमवर बसतो. त्या जागी फ्लोरिनऐवजी दुसरा एखादा सुटणारा गट असलेले, बाकी सर्व बाबतीत सरीनसारखेच द्रव्य आले असते, तरी मागे उरलेला भाग तोच राहिला असता. फ्लोराइडच्या पद्धतीत तर फ्लोरिन आपणच बाहेरून पुरवतो, त्यामुळे परत मिळालेल्या सरीनमधला फ्लोरिन मूळचा होता की आपला, हे ठरवण्याचा मार्गच नसतो. रक्तावरून जेवढे सिद्ध होते तेवढेच लिहायचे ठरवले, की ‘सरीन किंवा सरीनसदृश’ असेच लिहावे लागते. मूळ द्रव्य सरीनच होते हे ठरवायचे असेल, तर घटनास्थळाची माती, धातूचे तुकडे, त्यांतील अशुद्धी आणि विघटनजन्य द्रव्ये यांच्याकडे जावे लागते.

हातचलाखीच्या शंकेबाबत रसायनशास्त्र काही अंशीच बोलू शकते. बाहेरून रक्ताच्या नळीत सरीन टाकले तर प्रथिनांवर खुणा उमटतील, हे खरे आहे. म्हणून नमुना कोणी, कोणासमोर घेतला हा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा ठरतो. खान शेखूनच्या बाबतीत संघटनेचे पथक त्या गावी जाऊ शकले नाही, परंतु शेजारच्या देशात नेलेल्या रुग्णांचे रक्त घेताना आणि मृतांच्या शवविच्छेदनाच्या वेळी पथकातील सदस्य स्वतः हजर होते. तसे नमुने आणि इतरांनी आणून दिलेले नमुने यांचे वजन सारखे धरता येत नाही.

दापोडी ते देहू

मी लष्करातून निवृत्त झालो असून माझा वैद्यकाशी थेट संबंध नाही. दापोडीच्या मिलिटरी इंजिनिअरिंग महाविद्यालयात रासायनिक, जैविक आणि आण्विक धोक्यांपासून संरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते, ते घेतलेल्यांपैकी मी एक आहे. तिथे आमच्यावर एक गोष्ट ठसवली गेली, ती अशी की हवेतील द्रव्य हुडकणारे उपकरण सैनिकाने मास्क चढवावा की नाही हे सांगण्यासाठी असते. त्याची शिट्टी वाजली हा न्यायालयातील पुरावा नव्हे. पुराव्याचे काम पूर्णपणे वेगळ्या शिस्तीचे असते.

शंकासुर यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग विधी शाखेच्या विद्यार्थिनीला परकीय वाटू नये. आपल्याकडे पंचनामा करून मुद्देमाल सीलबंद करतात, सीलचा नमुना वेगळा पाठवतात आणि तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शाबूत पोहोचल्याची नोंद होते. हेगच्या संघटनेच्या पद्धतीचे मूळ तत्त्वही तेच आहे. नमुन्याचे भाग करून किमान दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना ते पाठवतात. सोबत विष नसलेले आणि मुद्दाम विष मिसळलेले नियंत्रण-नमुनेही असतात आणि कोणती नळी कशाची आहे हे प्रयोगशाळेला माहीत नसते. दोन्हींचे निष्कर्ष जुळले तरच ते स्वीकारले जातात. रक्त, लघवी यांसारख्या नमुन्यांसाठी अशा प्रयोगशाळांना स्वतंत्र मान्यता देण्याची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली आणि ती टिकवण्यासाठी त्यांना कसोटी-परीक्षा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. माती व पाण्याच्या नमुन्यांसाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा रक्तासाठीही आपोआप पात्र ठरत नाही, ही बाब अनेकांच्या नजरेतून सुटते.

विधीशाखा_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घौताच्या अहवालात पथकाने हल्ला कोणी केला हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नसल्याचे नमूद केले आहे. तो मला इतके दिवस केवळ राजकीय संकोच वाटत होता, पण रक्तावरून फार तर द्रव्याचा गट आणि संपर्काचा अंदाजे काळ कळतो, करणारा कळत नाही, ही मर्यादा विज्ञानाचीही आहे हे आता ध्यानात आले. प्रबंधातील एका प्रकरणाची मांडणी त्यामुळे बदलावी लागेल.

मस्टर्ड वायूबद्दल मात्र अजून उत्तर मिळालेले नाही. तो चेतासंस्थेवर आघात करत नाही, मग त्याची खूण कोणत्या प्रथिनावर शोधतात? आणि रावळपिंडीचा माझा प्रश्न तर दशकांचा आहे.

पाषाणचा रसायनज्ञ

मस्टर्डचा स्वभाव वेगळा आहे. सरीन एखादे विशिष्ट स्थान हेरते. मस्टर्डला जिथे इलेक्ट्रॉनसमृद्ध अणू भेटेल तिथे तो चिकटतो. डीएनए, त्वचेतील केराटिन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन यांपैकी काहीच तो वगळत नाही. १२ जुलै १९१७ च्या रात्री बेल्जियममधील ईप्रजवळ तो प्रथम वापरला गेला तेव्हापासून त्याने होणारे फोड आणि डोळ्यांची हानी वैद्यकाला ठाऊक आहेत, परंतु रक्तावरून तो ओळखण्याच्या पद्धती १९९० च्या दशकात विकसित झाल्या. त्यांत दोन जागा महत्त्वाच्या ठरल्या. एक म्हणजे अल्ब्युमिनच्या ३४ व्या स्थानावरील सिस्टीन. त्याला चिकटलेला मस्टर्डचा अंश एन्झाइमच्या साहाय्याने तीन अमिनो आम्लांच्या छोट्या तुकड्यासह वेगळा काढता येतो. दुसरी म्हणजे हिमोग्लोबिनच्या साखळीच्या सुरुवातीचे व्हॅलीन. इराण-इराक युद्धातील दोन जखमींच्या रक्तावर नेदरलँड्समध्ये काम झाले तेव्हा नमुने संपर्कानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने घेतलेले होते, तरीही हिमोग्लोबिनवर मस्टर्डची खूण स्पष्ट आढळली.

हिमोग्लोबिनची खूण किती टिकते याचा हिशेब मात्र अल्ब्युमिनपेक्षा वेगळा आहे आणि तो मला नेहमीच मनोरंजक वाटत आला आहे. अल्ब्युमिनचे रेणू कोणत्याही वयात काढून टाकले जातात, म्हणून दर वीस दिवसांनी खूण निम्मी होत जाते. दोनशे दिवसांत अशा दहा पायऱ्या होऊन ती मूळच्या हजाराव्या हिश्श्यावर येते. तांबडी पेशी मात्र साधारण १२० दिवस जगते आणि मग मोडीत निघते. संपर्काच्या दिवशी रक्तात सर्व वयांच्या पेशी असतात, त्यांतील सर्वांत कोवळी पेशी चार महिन्यांनी संपते, आणि तोवर खूण सरळ रेषेत घटत जाते. त्यानंतर ती पूर्णपणे नाहीशी होते. उपकरण कितीही संवेदनशील केले तरी जे रक्तात उरलेलेच नाही ते त्याला सापडणार नाही.

म्हणून रावळपिंडीच्या सैनिकांबाबत उत्तर नकारार्थी आहे. त्यांच्या रक्तातील प्रत्येक प्रथिन त्यानंतर असंख्य वेळा नव्याने घडले असणार. इराणमध्ये मस्टर्डने फुप्फुसे निकामी झालेले जे लोक आजही उपचार घेत आहेत, त्यांचे निदानही रक्तातील खुणेवर आधारलेले नसते. ते सेवेच्या नोंदी, तत्कालीन वैद्यकीय कागदपत्रे, त्वचेवरील व्रण आणि फुप्फुसांचे स्कॅन यांवर होते. मार्च १९९१ मध्ये इराकमधील खामिसिया येथे रासायनिक दारूगोळा उद्ध्वस्त केला गेला आणि आसपासच्या अमेरिकी सैनिकांना सरीनचा अल्प संपर्क आला असावा का, हा वाद वर्षानुवर्षे चालला. तोही रक्ताच्या नमुन्यांऐवजी वाऱ्याच्या दिशेच्या गणितांवर लढवावा लागला, कारण नमुने वेळेत घेतलेच गेले नव्हते.

आपल्याला देशातले उदाहरण हवे असेल तर भोपाळकडे पाहावे. मिथाइल आयसोसायनेट हे युद्धासाठी बनवलेले अस्त्र नव्हते, पण तेही हिमोग्लोबिनच्या व्हॅलीनला चिकटते. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर, हा वायू केवळ डोळे व फुप्फुसे जाळतो, रक्तात उतरत नाही, अशी बाजू मांडली जात होती. विकृतिशास्त्रज्ञ श्रीरामाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वायुपीडितांच्या हिमोग्लोबिनवर या द्रव्याची खूण आढळली आणि तो युक्तिवाद दुबळा झाला. विधी शाखेच्या दृष्टीने हे प्रकरण सीरियाहूनही अधिक अभ्यासनीय आहे, असे माझे मत आहे.

शंकासुर

मान्य. मग क्लोरीनचे काय? सीरियात त्याचाही आरोप वारंवार झाला, पण रक्ताच्या पुराव्याचा उल्लेख त्या प्रकरणांत फारसा दिसत नाही.

पाषाणचा रसायनज्ञ

क्लोरीनने टायरोसीनचे क्लोरोटायरोसीन होते, आणि ते मोजताही येते. गोची अशी की शरीरात कुठेही दाह झाला तर आपल्याच पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी हायपोक्लोरस आम्ल तयार करतात आणि त्यातूनही तेच क्लोरोटायरोसीन बनते. न्यूमोनियाच्या रुग्णातही ते वाढलेले सापडेल. सरीन किंवा मस्टर्डची खूण शरीर स्वतः कधीही तयार करत नाही, म्हणून तिला पुराव्याचे मोल आहे. क्लोरीनच्या खुणेला ते तितक्या सहजपणे देता येत नाही.

कोथरूडचा फिजिशियन

हिमोग्लोबिनच्या व्हॅलीनचा उल्लेख झाला, तेव्हा वाचकांच्या परिचयाची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मधुमेहाच्या रुग्णांना आम्ही ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून एचबीएवनसी ही तपासणी करायला सांगतो. तिच्यात रक्तातील साखर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सुरुवातीच्या नेमक्या याच व्हॅलीनला चिकटलेली मोजली जाते. मस्टर्डची तपासणी आणि पुण्यातल्या गल्लोगल्लीच्या पॅथॉलॉजी लॅबमधली ही तपासणी प्रथिनाच्या एकाच टोकावर उभ्या आहेत, आणि दोन्हींची मुदत तांबड्या पेशींच्या आयुष्याने ठरते.

विद्यार्थिनीने प्रबंधात रुग्णालयांसाठी काही शिफारस करायचे ठरवले असेल, तर माझी सूचना अशी. भरती होताना घेतलेल्या रक्तातून नेहमीच्या तपासण्या झाल्यावर जे उरते, ते आपल्याकडे काही दिवस शीतकपाटात राहते आणि मग जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. टोकियो आणि मात्सुमोतोच्या पीडितांचे सीरम जपून ठेवलेले होते, म्हणून पुढे विकसित झालेली पद्धत त्यावर चालवता आली. एकाच वेळी अनेक रुग्ण सारख्याच लक्षणांनी दाखल झाले, कारण कारखान्यातील गळती असो, फवारणी असो वा आणखी काही, तर प्रॅलिडॉक्सिम देण्यापूर्वी घेतलेल्या रक्ताचा एक भाग वेगळा काढावा. रक्तद्रव आणि तांबड्या पेशी स्वतंत्र नळ्यांत गोठवाव्यात. नळीवर तारखेसोबत घेतल्याची वेळ लिहावी. आणि ती उचलताना प्रत्येकाने नोंदवहीत सही करावी. उपचाराला यामुळे एका मिनिटाचाही उशीर होत नाही, आणि लागणारा फ्रीझर बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या रक्तपेढीत आधीपासूनच असतो.